रस्त्याची आखणी आणि शिवाराचे पुरातत्त्व : प्रस्तावना

दोन शहरे जोडणाऱ्या महामार्गाची आखणी करणारा अभियंता नकाशावर आपली रेघ ओढतो, तेव्हा जमिनीचा चढउतार, नदीवरील पुलाची जागा, संपादनाचा मुबदला आणि वाहनांचा वेग एवढ्याच गोष्टींचा हिशेब त्याच्यापुढे असतो. त्या रेघेखाली कधीकाळी कोणाचे घर होते, कोणाची भट्टी पेटत होती किंवा कोणाचे मढे पुरले गेले होते याची वार्ता त्याला नसते, आणि असण्याचे कारणही नसते. त्याच्या या अजाणतेपणातच पुरातत्त्वाच्या दृष्टीने एक असामान्य संधी आहे, हे ध्यानात येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. पुरातत्त्वज्ञ आपण होऊन उत्खननाची जागा निवडतो त्या वेळी तो राजधानी, विहार, किल्ला, मोठे टेकाड अशा ठिकाणांकडेच वळतो. तेथे काही ना काही हाती लागेल अशी त्याला खात्री असते, आणि ज्याच्या द्रव्यावर उत्खनन चालायचे त्यालाही तशीच खात्री हवी असते. परिणामी गतकाळाचे जे चित्र उभे राहते ते राजांच्या, पुरोहितांच्या आणि धनिकांच्या बाजूला कलते. रस्त्याची रेघ मात्र कोणाचीच भीड धरीत नाही. ती शिवारामागून शिवार ओलांडीत जाते, आणि जाताना प्राचीन काळच्या अनाम कुणब्याच्या खळ्यावरून, गोठ्यावरून, आडावरून आणि स्मशानावरून जाते. रस्ता बांधण्यापूर्वी त्या पट्ट्याची रीतसर तपासणी झाल्यामुळे जे उजेडात आले, त्यातील बहुतांश शोधण्यासाठी कोणी मुद्दाम गेलेच नसते. या विषयाचे खरे महत्त्व मला यातच दिसते, आणि पुढील प्रकरणे वाचकांनी याच दृष्टीने वाचावीत अशी माझी इच्छा आहे.

उत्खनन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भिंती, स्तूप, पायऱ्या, मूर्ती उभ्या राहतात. शेतजमिनीखालचे पुरातत्त्व बहुधा असे काही दाखवीत नाही. उत्तर युरोपातील प्राचीन शेतकरी लाकूड, कूड, माती आणि गवत यांनी घरे बांधीत असत. ती घरे कुजून गेली, त्यांच्यावरून शतकानुशतके नांगर फिरला, आणि नांगराच्या फाळाच्या आवाक्यात जे जे होते ते मोडून वरच्या मातीत मिसळून गेले. शिल्लक राहिले ते नांगराच्या खाली, मूळच्या अस्पर्श मातीत खोदलेले खड्डे : खांब रोवण्यासाठी केलेली भोके, धान्य साठवण्याची पेवे, कुंपणाचे चर, आड आणि थडगी. हे खड्डे पुढे केरकचऱ्याने, राखेने, वाहून आलेल्या गाळाने भरले. आणि भरलेल्या मातीचा रंग भोवतालच्या मातीहून किंचित गडद असतो, एवढ्यावरच या शास्त्राचा सारा डोलारा उभा आहे.

ही भरलेली माती पाहण्याची रीत येथे थोडी जवळून सांगितली पाहिजे. पिकांची काढणी झाल्यावर शेतात ठराविक अंतरावर लांबट चाचणी चर घेतले जातात. ते घेणाऱ्या यंत्राच्या बकेटीला दात नसतात, सरळ धारेचे पाते असते. दातेरी बकेटीने माती उकरली जाते, तर सपाट पात्याने ती सालीसारखी सोलता येते. यंत्राच्या पुढ्यात एक उत्खनक उभा असतो आणि त्याची नजर पात्याखालून निघणाऱ्या पृष्ठावर खिळलेली असते. नांगराचा थर संपून पिवळसर चिकणमाती लागली की तो हात वर करून यंत्र थांबवतो, कारण आणखी चार बोटे खोल गेल्यास खांबाच्या भोकाचा तळही निघून जाण्याचा संभव असतो. मग थापीने पृष्ठ खरवडले जाते, आणि एका क्षणी त्या पिवळ्या पृष्ठावर वीतभर व्यासाचा तपकिरी गोल दिसतो. तो एकटा असेल तर उंदराचे बीळही असू शकेल. परंतु त्याच्यापासून दोन हातांवर दुसरा, तितक्याच अंतरावर तिसरा, आणि सर्व मिळून एक वर्तुळ पूर्ण होत असेल, तर तेथे अडीच हजार वर्षांपूर्वी एक गोल घर उभे होते असे निःशंक म्हणता येते. प्रत्येक गोलाचा अर्धा भाग कापून काढतात व उरलेला अर्धा उभा ठेवतात; त्या उभ्या छेदात खांब कुजला की उपटला गेला, खड्डा एकदम बुजवला की वर्षानुवर्षे भरत गेला, हे वाचता येते. छेदाचे रेखाटन, छायाचित्र आणि मातीचा नमुना झाल्यावर राहिलेला अर्धाही काढला जातो. वाचता वाचता ग्रंथ नष्ट करणारी ही विद्या आहे. तेच पान दुसऱ्यांदा वाचण्याची सोय तिच्यात नाही, आणि म्हणूनच टिपणाच्या बाबतीत ती इतकी काटेकोर असते.

चर घेण्यापूर्वीही बरेच काम झालेले असते. जुने नकाशे, महसुली दप्तरे, पूर्वी सापडलेल्या वस्तूंच्या नोंदी चाळल्या जातात. नांगरलेल्या शेतातून रांगेने चालत खापऱ्या वेचल्या जातात. जमिनीच्या चुंबकीय गुणधर्मांतील सूक्ष्म फरक मोजून बुजलेल्या चरांचा आणि भट्ट्यांचा आराखडा काढला जातो. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांचे महत्त्व याहून जुने आहे. कोरड्या उन्हाळ्यात बुजलेल्या चरावरचे पीक ओलाव्यामुळे अधिक उंच व हिरवे राहते, तर गाडलेल्या भिंतीवरचे लवकर पिवळे पडते, आणि जमिनीवर उभ्या माणसाला न दिसणारी ही आकृती आकाशातून लख्ख दिसते. इंग्लंडच्या सरकारी नकाशा खात्यात काम करणाऱ्या ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी १९२० नंतर ही पद्धत शास्त्रीय पायावर आणली. १९२५ साली इन्सॉल या वैमानिकाला स्टोनहेंजजवळच्या शेतात लाकडी खांबांच्या भोकांची वर्तुळे विमानातून दिसली व तेच स्थळ पुढे वुडहेंज म्हणून प्रसिद्धीस आले.

रस्ते आणि पुरातत्त्व यांची गाठ मात्र बरीच उशिरा पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले, त्या आरंभीच्या वर्षांत यंत्रांच्या मागे धावत जे हाती लागेल ते टिपून घेणे एवढाच मार्ग होता. १९६९ मध्ये ग्लॉस्टरशर व सॉमरसेटमधून जाणाऱ्या एम-५ महामार्गासाठी काही अभ्यासकांनी एकत्र येऊन समिती स्थापन केली आणि रस्त्याचा पट्टा पायी पिंजून काढण्याचे ठरवले. त्या पट्ट्यात पूर्वी ज्ञात असलेली स्थळे अगदी थोडी होती. प्रत्यक्षात मैलामैलाला नवी स्थळे निघू लागली. रिकामी समजली गेलेली भूमी रिकामी नव्हतीच, फक्त तेथे कोणी पाहिले नव्हते, हा त्या खटाटोपाचा निष्कर्ष पुढच्या सर्व कामाला पायाभूत ठरला. १९७१ साली ‘रेस्क्यू’ नावाची संस्था या प्रश्नासाठीच स्थापन झाली. तरीही सरकारी धोरणाचे बळ मिळण्यास एक शहरी प्रकरण निमित्त झाले. १९८९ मध्ये लंडनच्या सदर्क भागात कचेऱ्यांच्या इमारतीसाठी पाया खोदताना शेक्सपिअरच्या काळातील रोझ नाट्यगृहाचे अवशेष निघाले, ते वाचवण्यासाठी नटनट्या रस्त्यावर उतरल्या, आणि त्या गदारोळानंतर नोव्हेंबर १९९० मध्ये सरकारने एक मार्गदर्शक टिपण काढले. त्याचा आशय सरळ होता : बांधकामाची परवानगी देण्यापूर्वी जमिनीखाली काय आहे याचा अंदाज घ्यावा, शक्य तर अवशेष जागच्या जागी राखावेत, ते शक्य नसेल तर नोंद करून मगच हलवावेत, आणि या सर्वाचा खर्च जो बांधकाम करू इच्छितो त्याने सोसावा. १९९२ मध्ये माल्टाच्या वॅलेटा शहरी युरोपीय राष्ट्रांनी केलेल्या करारात हेच तत्त्व आले, आणि फ्रान्सने २००१ साली कायदा करून या कामासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्थाच उभारली.

या तत्त्वाला किती फळे येऊ शकतात हे पाहायचे असेल तर केंब्रिज आणि हंटिंग्डन यांच्या दरम्यानच्या ए-१४ रस्त्याचे उदाहरण घ्यावे. सुमारे २१ मैल लांबीच्या या रस्त्याचे नूतनीकरण होण्याअगोदर व होत असताना, २०१६ ते २०१८ या काळात, सुमारे ४० ठिकाणी उत्खनने झाली आणि ऐन भरात तेथे अडीचशेपर्यंत उत्खनक काम करीत होते. भूमी सपाट, चिकणमातीची, गव्हाची आणि बार्लीची. वरून पाहणाऱ्यास तेथे थांबण्याजोगे काही दिसू नये अशी. तीत नवाश्मयुगातील तीन हेंजे, म्हणजे वर्तुळाकार चर आणि बांध यांनी वेढलेली धार्मिक स्थाने, निघाली. लोहयुगातील व रोमन काळातील वस्त्या निघाल्या. रोमन काळातील कुंभारांच्या चाळीसहून अधिक भट्ट्या निघाल्या. अँग्लो-सॅक्सन गावे आणि मध्ययुगात ओस पडलेले एक खेडेही निघाले. जळक्या अन्नाचे काळे कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासता त्यांतील काही आंबवलेल्या धान्याचे, म्हणजे क्रिस्तपूर्व ४०० च्या सुमाराच्या बिअरचे, असल्याचे आढळले. एका लहानशा शेतवाडीच्या चरात लेलियानस या बंडखोर रोमन सम्राटाचे नाणे मिळाले. या गृहस्थाचे राज्य इ. स. २६९ मध्ये जेमतेम दोन महिने टिकले होते.

नाण्याहून मला अधिक मोलाचा वाटतो तो ऑफर्ड क्लूनी या खेड्याजवळ एका चरात एकाकी पुरलेला तरुण. त्याच्याजवळ एक मणी नाही, एक मडके नाही. दफनभूमीत इतरांच्या शेजारी त्याला जागा मिळालेली नाही. उत्खननाच्या नोंदीत त्याला केवळ एक क्रमांक आहे. किरणोत्सर्गी कार्बनाच्या कसोटीने तो इ. स. १२६ ते २२८ या काळातला, आणि मृत्यूसमयी अठरा ते पंचवीस वर्षांचा ठरला. कानाच्या आतील इवल्याशा टणक हाडातून मिळालेल्या आनुवंशिक द्रव्याने जे सांगितले ते कोणाच्या स्वप्नातही नव्हते : त्याचे रक्ताचे नाते ब्रिटनमधील कोणाशीही जुळत नव्हते, तर ते कॉकेशस आणि काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशात घोड्यावर वावरणाऱ्या सर्मेशियन लोकांशी जुळत होते. दात वाढीच्या वयात थराथराने बनतात आणि त्या त्या वर्षीच्या अन्नाची रासायनिक खूण आपल्यात साठवून ठेवतात. त्याच्या दातांवरून असे निघाले की वयाच्या पाचव्यासहाव्या वर्षापर्यंत तो ज्वारी व राळ्यासारखी, कोरड्या मुलखात पिकणारी धान्ये खात होता, आणि त्यानंतर ती धान्ये त्याच्या ताटातून हळूहळू कमी होत जाऊन गव्हाचे प्रमाण वाढले. लहान वयातच तो पश्चिमेकडे निघाला होता. आता रोमन इतिहासकारांनी नमूद केले आहे की सम्राट मार्कस ऑरेलियसने इ. स. १७५ मध्ये जिंकलेल्या सर्मेशियन घोडेस्वारांपैकी साडेपाच हजार ब्रिटनला धाडले. हा तरुण त्या पथकांतील कोणाच्या कुटुंबाबरोबर आला असेल काय? तसे ठाम म्हणता येत नाही, परंतु तसे समजण्यास आधार आहे. २०२३ च्या डिसेंबरात हे संशोधन प्रसिद्ध झाले तोपर्यंत सर्मेशियनांच्या ब्रिटनमधील वास्तव्याच्या खुणा लष्करी ठाण्यांभोवतीच शोधल्या जात होत्या. खेड्याच्या चरात, शेतमजुरांच्या वस्तीलगत, असा माणूस पुरलेला असेल ही शक्यता कोणाच्या विचारात नव्हती, आणि कोणी उत्खननासाठी तो चर निवडलाही नसता. रस्त्याने तो निवडला.

त्याच परिसरात, फेनस्टॅन्टन येथे, २०१७ साली घरबांधणीपूर्वी झालेल्या उत्खननात रोमन काळातील एका माणसाच्या टाचेच्या हाडातून आरपार गेलेला लोखंडी खिळा मिळाला. तो जमिनीत कोणाच्या लक्षात आला नाही. प्रयोगशाळेत हाडे धुताना आला. क्रुसावर चढवण्याच्या शिक्षेचा असा प्रत्यक्ष शारीरिक पुरावा त्यापूर्वी यरुशलेम येथे १९६८ मध्ये मिळाला होता. ग्रंथांत शेकडो वेळा उल्लेखिलेली एक शिक्षा प्रत्यक्षात किती क्वचित हाडांवर खूण ठेवून जाते, हे यावरून कळते.

अशा सुट्या चमत्कारांपेक्षाही ज्ञानाच्या एकंदर रचनेत झालेला पालट मोठा आहे. जड चिकणमातीची जमीन लोखंडी फाळाच्या नांगरापूर्वी कोणी वाहिली नसेल, ती अरण्याखालीच असेल, हा समज पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांतून शिकवला जात होता. रस्त्यांनी आणि नव्या वसाहतींनी तो मोडीत काढला. रोमन ब्रिटन म्हणजे फरसबंदीची चित्रे असलेले प्रासादतुल्य वाडे, हा दुसरा समजही असाच ढासळला. रेडिंग विद्यापीठाच्या पुढाकाराने या बांधकामपूर्व उत्खननांच्या अहवालांचा एकत्रित अभ्यास झाला आणि २०१६ पासून त्याचे खंड प्रसिद्ध झाले. त्यांत हजारो ग्रामीण वस्त्यांची छाननी केल्यावर वाड्यांचे प्रमाण अगदी अल्प आणि साध्या शेतवाड्यांचे प्रमाण प्रचंड असल्याचे स्पष्ट झाले. बहुसंख्य प्रजा कशी जगत होती हे कळण्यास बहुसंख्य प्रजेच्याच जागा खोदाव्या लागतात.

या व्यवस्थेत दोष नाहीत असे मात्र कोणी समजू नये. कंत्राटासाठी चढाओढ लागली की सर्वांत कमी किमतीच्या उत्खननाला पसंती मिळते. अहवाल लिहिले जातात, पण ते प्रकाशित ग्रंथ नसतात. कचेऱ्यांच्या कपाटांत ते साठत राहतात. रिचर्ड ब्रॅडली यांनी २००७ साली ब्रिटन आणि आयर्लंडच्या प्रागितिहासावर ग्रंथ लिहिला तेव्हा या कपाटांतील अहवाल मुद्दाम फिरून वाचले, आणि विद्यापीठांत शिकवला जाणारा प्रागितिहास किती जुना झाला आहे हे त्यामुळे सर्वांना उमगले. खापऱ्यांच्या आणि हाडांच्या पेट्यांना वस्तुसंग्रहालयांत जागा नाही, ही तक्रार तर सार्वत्रिक आहे.

याहून गंभीर असा एक नैतिक प्रश्न आहे. नोंद केली म्हणजे नाश क्षम्य होतो काय? आयर्लंडमधील दोन प्रकरणे या संदर्भात शेजारी ठेवून पाहावीत. वॉटरफर्ड शहराच्या वळणरस्त्यासाठी २००३ मध्ये तपासणी करताना वुडस्टाउन येथे नदीकाठच्या शेतात वायकिंगांची मोठी वस्ती निघाली. तिचे महत्त्व ओळखून रस्त्याची आखणी बदलण्यात आली आणि वस्ती जागच्या जागी राहिली. उलट, आयरिश राजांच्या अभिषेकाचे स्थान म्हणून पूज्य मानल्या गेलेल्या तारा टेकडीच्या परिसरातून एम-३ महामार्ग नेताना २००७ साली लिसमुलिन येथे लोहयुगातील एक विस्तीर्ण वर्तुळ सापडले, सुमारे ऐंशी मीटर व्यासाचे, केवळ बारीक खांबांच्या भोकांनी रेखाटलेले. ते राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाले, मोठ्या काळजीने खोदले गेले, आणि त्यानंतर रस्ता त्याच्यावरूनच गेला. लिसमुलिनच्या उत्खनकांच्या कामात उणे काढण्यास जागा नाही. तरीही तेथे निर्णय आधी झालेला होता व पुरातत्त्वाला केवळ मागाहून पावती फाडण्याचे काम उरले होते, असे मला वाटते. वुडस्टाउनमध्ये तपासणी अशा वेळी झाली की नकाशावरची रेघ अजून हलवता येत होती. दोन्ही ठिकाणी शास्त्र तेच होते. फरक वेळेचा होता, आणि या साऱ्या विषयात वेळेइतकी निर्णायक गोष्ट दुसरी नाही.

आपल्याकडे हा विषय अपरिचित नाही. कृष्णेवर नागार्जुनसागर धरण बांधण्याचे ठरल्यावर इक्ष्वाकूंची राजधानी विजयपुरी पाण्याखाली जाणार हे दिसताच १९५४ ते १९६० या काळात नागार्जुनकोंड्याचे सबंध खोरे आर. सुब्रह्मण्यम्‌ यांच्या देखरेखीखाली खोदून काढण्यात आले, आणि काही वास्तू उचलून, पुढे बेट बनलेल्या टेकडीवर पुन्हा उभारल्या गेल्या. नव्यानेच स्वतंत्र झालेल्या, द्रव्याची चणचण असलेल्या देशाने केलेले हे काम आजही अभिमानाने सांगण्यासारखे आहे. परंतु ती राजधानी होती, तेथे स्तूप आणि शिलालेख होते. साध्या शिवाराच्या वाट्याला असे भाग्य येत नाही.

महाराष्ट्रातील पुरातत्त्वाने आपले लक्ष प्रामुख्याने पांढरीवर ठेवले, आणि ते स्वाभाविक होते. नदीकाठच्या पांढऱ्या राखाडी मातीच्या टेकाडात प्राचीन वस्ती असते हे गावकऱ्यांनाही ठाऊक असते. हसमुख सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून जोर्वे, नेवासे अशी एकामागून एक पांढरीची ठिकाणे खोदली. घोड नदीकाठच्या इनामगावला तर १९६८ पासून १९८३ पर्यंत काम चालले आणि ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची शंभराहून अधिक घरे, धान्याची कोठारे, पाण्याचा पाट आणि घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून पुरलेली बालके एवढे सर्व प्रकाशात आले. आपल्या भूमीतील पहिल्या शेतकऱ्यांविषयी आज आपल्याला जे काही माहीत आहे ते बरेचसे या चिकाटीचे ऋण आहे. परंतु हे लोक पांढरीत राहत होते व काळीत राबत होते. त्यांची शेते, त्यांचे बांध, रानातील त्यांची हंगामी खोपटी, जनावरांचे वाडे, वस्तीबाहेरची दफने यांचा तपास काळीतच लागणार, आणि काळी आपण जवळजवळ वाचलेलीच नाही. विदर्भात तिची चाहूल लागते. नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यालगत जुनापाणी येथे लोहयुगीन शिळावर्तुळे शेकड्यांनी आहेत. माहुरझरीच्या वर्तुळांत तांब्याच्या अलंकारांनी सजवलेले घोडे माणसांबरोबर पुरलेले मिळाले. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. ही वर्तुळे माळावर दगड दिसतात म्हणून माहीत झाली. ज्यांचे दगड नांगराला अडतात म्हणून कधीच बांधावर जाऊन पडले, त्यांच्या खालची थडगी अजून शेतात असतील, पण त्यांचा पत्ता सांगणारे वर काही उरलेले नाही.

आणि पांढरीदेखील सुरक्षित आहे असे नाही. खत म्हणून ती गाड्या भरभरून शेतात टाकण्याची वहिवाट जुनी आहे. आता रस्त्यांच्या भरावाला मुरूम आणि माती लागते व जवळचे टेकाड नजरेत भरते. वस्तू मिळूनही तिचा संदर्भ हरवला तर काय होते, हे दायमाबादने दाखवून दिले आहे. १९७४ साली प्रवरेकाठच्या या गावी झाडाचे मूळ उकरताना तांब्याच्या चार अजोड शिल्पकृती मिळाल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ व सारथी, एकूण वजन साठ किलोहून अधिक. पुढे तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन झाले, परंतु ही शिल्पे नेमकी कोणत्या थरात होती हे उत्खनकाच्या डोळ्यांनी पाहिले गेले नव्हते, आणि म्हणून ती सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळातली की त्याहून अर्वाचीन, हा वाद आजतागायत मिटलेला नाही. शोधणाऱ्याचा यात कोणताही दोष नाही. दोष असलाच तर तो ज्या व्यवस्थेत शेतकऱ्याच्या कुदळीआधी अभ्यासकाची पावले तेथे पोचत नाहीत त्या व्यवस्थेचा आहे.

आपला १९५८ चा कायदा संरक्षित म्हणून घोषित झालेल्या स्मारकांची काळजी घेतो. २०१० च्या दुरुस्तीने अशा स्मारकाभोवती शंभर मीटर प्रतिबंधित व त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र आखून दिले. ज्याची घोषणाच झालेली नाही त्याच्याभोवती अशी हद्द पडत नाही. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे असे १८७८ चा कायदा सांगतो. परंतु खांबाचे भोक हे गुप्तधन नव्हे, जळलेला हरभऱ्याचा दाणा हे गुप्तधन नव्हे. याच कायदेशीर चौकटीत नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग दहा जिल्ह्यांचे शिवार कापीत गेला आहे. वैनगंगेच्या खोऱ्यापासून सह्याद्रीच्या घाटापर्यंत, शिळावर्तुळांच्या मुलखातून गोदावरीकाठच्या ताम्रपाषाणयुगीन प्रदेशापर्यंत, इतका सरळ, इतका लांब आणि इतका निःपक्षपाती छेद महाराष्ट्राच्या भूमीला यापूर्वी कधी मिळाला नव्हता.

पुढच्या रस्त्यांसाठी काय करता येईल याचा विचार या पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणांत केला आहे, आणि तो करताना इंग्लंडची पद्धत जशीच्या तशी उचललेली नाही. दख्खनच्या काळ्या खडकाला स्वतःचेच तीव्र चुंबकत्व असल्याने तेथली चुंबकीय मोजणी येथे अनेकदा गोंधळात टाकते. काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात हात-दोन हात खोल भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. वरच्या खापऱ्या भेगांतून खाली उतरतात व खालच्या वर येतात, म्हणून थरांचे वाचन येथे अधिक सावधपणे करावे लागते. काळ्या मातीत काळा डाग दिसणेही दुरापास्त, तेव्हा तेथे रंगापेक्षा मातीचा पोत, राखेचा खरखरीतपणा आणि चुनखडीचे कण यांवर भिस्त ठेवावी लागते. शेतकऱ्याच्या मनातील धास्तीचाही विचार केला पाहिजे. काही निघाले तर सरकार जमीन घेईल किंवा मुबदला अडकून पडेल, या भीतीने कित्येक वस्तू मुकाट्याने पुन्हा मातीआड जातात, आणि ती भीती केवळ व्याख्यानांनी जाणारी नाही. तपासणीचा खर्च व विलंब खातेदाराच्या माथी येणार नाही, मुबदल्याचा निवाडा तपासणीच्या निकालाशी बांधला जाणार नाही, हे संपादनाच्या आदेशातच लिहून दिले तर ती जाईल.

संपादनापूर्वी गटवार संयुक्त मोजणी होतेच. भूमापक, तलाठी, संपादन करणाऱ्या खात्याचा माणूस आणि खातेदार बांधावर उभे असतात, झाडे, विहिरी, घरे यांची यादी होते. त्याच फेरीत खापरी ओळखणारा एक जाणकार असावा आणि यादीत एक रकाना वाढवावा, एवढीच पहिली मागणी आहे. वेळ साधली पाहिजे ती रब्बीची पिके निघून नांगरट झाल्यावरची, आणि शक्य तर मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरींनंतरची. ढेकळे विरघळून खापऱ्या, गारगोटीची पाती, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे धुऊन वर येतात ते त्याच दिवसांत, आणि पेरणी सुरू होईपर्यंत शेत मोकळे असते. चार माणसांची तुकडी हाताहातावर चालत गेली तर दिवसाकाठी बरेच शिवार पाहून होते, आणि ज्या गटांत खापऱ्या दाट मिळतील तेवढ्यांतच पुढे चाचणी चर घ्यावे लागतात; बाकीचा रस्ता एक दिवसही अडत नाही.